बिनखुणेची वीट

सिग्नलकाकांबद्दल आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, फार सरळ माणूस होता म्हणून सांगतील. मीही तेच सांगते. फक्त सांगताना मी समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. हातात काहीतरी काम घेते, मटार सोलते नाहीतर सुईत दोरा ओवत बसते.

माझी लेक म्हणते, "आई, तू सगळ्या जगाची उणीदुणी काढतेस. काकांचं नाव निघालं की मात्र गप्प होतेस." बरोबर आहे तिचं. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. कारखान्यात मुकादमाला मी भर पाळीत सगळ्यांसमोर सुनावलं होतं. पण ज्या दिवशी खरंच तोंड उघडायला हवं होतं, त्या दिवशी मी मूग गिळून बसले. तेच आज सांगायला घेतलं आहे, आणि आताच इकडची तिकडची सुरुवात करून वेळ काढते आहे, हेही मला कळतंय.

लढाईला तिसरं वर्ष लागलं होतं. नवरा आघाडीवर, घरात मी, सासूबाई आणि चार वर्षांची लेक. मी बटणांच्या कारखान्यात होते. आधी तिथे नाना तऱ्हेची बटणं व्हायची, शिंपल्याची, रंगीत, फुलांच्या आकाराची. लढाई लागली आणि एकच बटण उरलं, मातकट रंगाचं, चार भोकांचं. सकाळी साडेसातला भोंगा व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत तेच बटण, तेच भोक. गल्लीत माझं नावच 'बटणवाली' पडलं होतं.

बाहेरही सगळ्याची तीच तऱ्हा. दुकानात साबण एकाच जातीचा, त्याला फेस कमी आणि वास जास्त. वर्तमानपत्र चार पानांवर आलं होतं आणि त्यातली दोन पानं विजयाची असायची. शाळेचं लोखंडी फाटक कापून तोफांसाठी नेलं, तेव्हापासून पोरांना शाळेतून पळायला भिंत चढावी लागत नव्हती. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. कोळशाचं मात्र हसण्यावारी नेता आलं नाही, कारण हिवाळा कडक होता आणि स्वयंपाक काय, ऊब काय, सगळं त्या एका शेगडीवर होतं.

कोळशाची वखार गल्लीच्या टोकाला होती. आठवड्यातून दोनदा मालमोटार यायची. मोटार आली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वखार उघडायची आणि घरटी एक पाटी कोळसा मिळायचा. माल संपला की फळी आडवी, मग तुम्ही रडा नाहीतर बोटं मोडा. साहजिकच लोक आदल्या संध्याकाळपासून रांग लावायचे. पण अंधार पडल्यावर रस्त्यावर उभं राहायला सरकारची बंदी होती. केव्हा भोंगा होईल आणि विमानं येतील, याचा नेम नव्हता. मग कोणीतरी आपल्या जागी वीट ठेवून घरी गेलं. दुसऱ्यानंही ठेवली. आठ दिवसांत माणसांची रांग गेली आणि विटांची आली.

विटांची म्हटली की भांडणं आलीच. माझी वीट पुढे होती, तुझी मागे होती, ही वीट माझीच नव्हे. पहिल्याच महिन्यात दोघींच्या झिंज्या उपटून झाल्या, त्यातली एक मी होते. तेव्हा सिग्नलकाका मधे पडले.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी गावाबाहेरच्या फाट्यावर सिग्नलच्या दांड्या ओढल्या होत्या. उंच, वाळकी अंगकाठी, कोटाची सगळी बटणं लावलेली. ते आणि काकू, दोघंच. लेक लग्न होऊन लांब गेलेली. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडीच येतेय. "थांबा. एका वेळी एक." एवढंच बोलायचे आणि हात आडवा धरायचे. खरं तर त्यांना काय अधिकार होता? पण तो हात आडवा झाला की माझ्यासारखीसुद्धा थांबायची.

त्यांनी नियम घातले. घरटी एक वीट. प्रत्येक विटेला त्या घराची खूण. दुसऱ्याच्या विटेला कोणी हात लावायचा नाही. तक्रार असेल तर काकांना सांगायची. बस्स. मग गल्लीला खुणा करायचा छंदच लागला. शिंप्यानं आपल्या विटेवर खडूनं कात्री काढली. न्हाव्यानं तुटका कंगवा बांधला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी शाईनं स्वतःचं पूर्ण नाव पदवीसकट लिहिलं, त्यावरून आम्ही त्यांना महिनाभर छळलं. मी डांबर लावून चार भोकांचं बटण चिकटवलं. काका संध्याकाळी आणि पहाटे रांगेवरून एकेक फेरी मारायचे, वाकडी वीट बुटाच्या टोकानं सरळ करायचे. कागद नाही, वही नाही, कोणाची कितवी हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं.

त्यांची स्वतःची वीट नव्हती. पहिल्या दिवशीच न्हाव्यानं विचारलं होतं, "काका, तुमची कुठे?"

"मी रांग लावणार आणि मीच रांगेत उभा राहणार? बरं दिसतं का ते?" काका म्हणाले. "आम्ही दोघंच आहोत. शेवटी उरेल ते घेऊ."

उरायचंही. अर्धी पाटी, कधी नुसता चुरा. वखारवाला त्यांच्यासाठी झाडून ठेवायचा. पण त्या हिवाळ्यात मोटारी अर्ध्या भरून यायला लागल्या. माल रांगेलाच पुरेना, तर उरणार कुठून? दोन आठवडे काका रिकामी पाटी घेऊन घरी गेले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. दोन आठवडे त्या घरात शेगडी कशावर पेटते, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी पण त्यातच आले.

आता तो दिवस.

आदल्या संध्याकाळी मी कामावरून परतताना वीट ठेवली. मोजली. चौदावी. माझ्यानंतर आणखी आठ लागल्या असतील. सकाळी सव्वासहालाच मी वखारीवर गेले, कारण त्या महिन्यात मला दोनदा उशीर झाला होता आणि मुकादमानं सांगितलं होतं, तिसऱ्या वेळी घरी बस. पोटापाण्याचा प्रश्न होता. नवऱ्याचा पगार तीन-तीन महिने यायचा नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वखारवाला आतून कडी काढत होता, त्यानं मला फटीतून पाहिलं.

"बटणवाली, आज चौदाच पाट्या आहेत," तो हळूच म्हणाला. "कोणाला बोलू नकोस हं. सकाळी सकाळी आरडाओरडा नको मला."

माझा जीव भांड्यात पडला. चौदा म्हणजे मी शेवटची का होईना, पण बसले. तरी खात्री करावी म्हणून मी पुढून विटा मोजत आले. शिंपी, न्हावी, बेकरीवाला, मास्तरीणबाई. आणि माझ्या बटणाशी पोचले तर पंधरा.

पुन्हा मोजल्या. पंधराच.

मग दिसली. पाचव्या जागी एक वीट होती, तिला खूणच नव्हती. ना खडू, ना दोरा, ना काही. संध्याकाळी ती तिथे नव्हती हे मी शपथेवर सांगितलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणीतरी उपरा, शेजारच्या गल्लीतला नाहीतर कोणाचा तरी पाहुणा, अंधारात येऊन मधे घुसला होता आणि त्याच्या पायी माझं घर गारठणार होतं. नियम माहीत होता. हात लावायचा नाही, काकांना सांगायचं. पण काका अजून आले नव्हते. ते येणार, चौकशी करणार, चार जणांना विचारणार, तोवर माझा भोंगा होऊन जाणार. शिवाय चौकशी झाली असती तर आज चौदाच पाट्या आहेत हे सगळ्यांना कळलं असतं, आणि मग काय झालं असतं कोणास ठाऊक.

मी वीट उचलली. धुतलेली होती. तिच्या कडांना मातीचा कण नव्हता, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडाशी ती अगदी समांतर ठेवलेली होती. मी ती नेऊन सगळ्यांच्या शेवटी ठेवली. ठेवली कसली, टाकली. मग जागेवर येऊन पुढच्या विटा थोड्या सरकवल्या, मधली फट दिसू नये म्हणून. आता माझं बटण चौदावं होतं. हात झटकले, पदर आवळून घेतला आणि अन्यायाचा बंदोबस्त केल्याच्या थाटात उभी राहिले.

लोक जमायला लागले. सात वाजत आले तरी काकांचा पत्ता नव्हता. आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि कोटाचं एक बटण उघडं होतं. ते मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांची सवय होती, रांगेची तपासणी शेवटापासून सुरू करायची. ते मागच्या टोकाशी आले आणि पहिल्याच विटेपाशी थांबले.

मी वळून पाहत होते. ते खाली बघत होते. वीट वाकडी पडली होती. त्यांनी बुटाच्या टोकानं ती सरळ केली, हळूहळू, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. मग पुढे आले. पाचव्या जागेपाशी क्षणभर पावलं अडली, पण त्यांनी मान वर केली नाही.

वखार उघडली. एकेक पाटी भरली गेली. चौदावी माझी. वखारवाल्यानं फळी आडवी टाकली आणि मागे गलका झाला. मी भरलेली पाटी कमरेवर घेतली. बाजूनं निघाले तर काकांच्या अगदी समोर आले.

"मिळाला ना? बरं झालं," काका म्हणाले. "मुलीला थंडी बाधते तुझ्या."

"हो काका," मी म्हटलं.

इतक्यात न्हावी मागून ओरडला, "अहो काका, ही शेवटची वीट कोणाची? खूण नाही हिला! हा काय प्रकार आहे?"

"माझी आहे ती," काका म्हणाले.

काकांनी हात पाठीमागे बांधले. वरिष्ठांपुढे उभं राहून चुकीची कबुली द्यावी तसे ते बोलले.

"काल अंधार पडल्यावर मी ती पाचव्या जागी ठेवली होती. घरी हिला चार दिवस ताप आहे. छाती भरली आहे. डॉक्टर म्हणाले, खोली गरम ठेवा. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही, म्हणून मी चोरून ठेवली. ज्या कोणी ती मागे नेली, त्यानं बरोबर केलं. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं."

हे लिहितानासुद्धा ती पाटी मला कमरेला बोचते आहे. भरलेली पाटी माझ्या कमरेवर होती, तो माणूस माझ्यापासून दोन हातांवर होता, आणि मला फक्त एवढंच करायचं होतं: पाटी त्यांच्या पायाशी ठेवायची आणि म्हणायचं, काका, मी नेली, मला ठाऊक नव्हतं, घ्या. मी ते केलं नाही. मी चौदावी होते, चौदा पाट्या होत्या, हक्काचं होतं, नियमात होतं. हे सगळं माझ्या डोक्यात धडाधड तयार होत होतं आणि पाय वखारीकडून घराकडे वळत होते.

न्हाव्याला लाज वाटली असावी. "काका, माझ्यातला अर्धा घ्या," तो म्हणाला. बेकरीवालाही पुढे झाला. काकांनी हात आडवा धरला, तोच तो सिग्नलचा हात.

"नको. आज तर अजिबात नको. आज मी घेतला तर उद्यापासून ह्या विटांना काय अर्थ राहिला?"

ते गेले. जाताना वीट उचलून कोटाखाली धरून घेऊन गेले. मी भोंग्याआधी पाच मिनिटं कारखान्यात पोचले. मुकादम म्हणाला, "अरे वा, आज सूर्य कुठे उगवला?" मी हसले.

दुपारच्या सुट्टीत बायकांत तोच विषय. आमच्या गल्लीतल्या दोघी तिथेच कामाला होत्या, बातमी पोचायला वेळ लागला नाही. "बघा, सगळे सारखेच. गल्लीला शिकवायचं आणि स्वतः अंधारात वीट सारायची." "म्हातारा दिसतो तेवढा सोवळा नाही." मग एकीनं मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" मी काहीच म्हणाले नसते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, गप्प बसले तर संशय येईल. मी म्हटलं, "नियम काय, सगळ्यांना सारखा."

हे मी म्हटलं. वीट हलवली ती रागात हलवली असं म्हणता येईल. पाटी दिली नाही ती भीतीपोटी दिली नाही असंही म्हणता येईल. हे वाक्य मात्र मी डबा खात खात, बाकावर आरामात बसून म्हटलं.

संध्याकाळी घरी आले तर घर ऊबदार होतं. सासूबाई खूश होत्या. एरवी त्या माझं कौतुक करतील तर शपथ, पण त्या दिवशी म्हणाल्या, "तू आहेस म्हणून ह्या घरात चूल पेटते बाई." लेक शेगडीशी बसून बाहुलीचे हात शेकत होती. आणि समोरच्या घरातून करवतीचा आवाज येत होता. थांबत थांबत, पुन्हा सुरू होत. सासूबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "खुर्ची कापताहेत वाटतं," त्या म्हणाल्या. "ती रेल्वेनं निरोपाला दिलेली. चांगली लाकडी होती."

मी उठले, छोट्या बादलीत कोळसा भरला आणि समोर गेले. दार काकांनी उघडलं. आतून काकूंचा खोकला ऐकू येत होता. जमिनीवर खुर्चीचे पाय नीट रांगेत मांडून ठेवले होते.

खरं सांगायलाच गेले होते मी. शपथ घेऊन सांगते. पण तोंडातून निघालं, "सासूबाईंनी पाठवलाय."

काकांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यांना सांग, आठवण ठेवलीत, खूप झालं. पण मी नाही घेऊ शकत. तुमच्या घरात लहान मूल आहे."

"काका, घ्या ना."

"सगळ्या गल्लीनं मला माझी जागा दाखवली, ती मी मान्य केली. आता मागच्या दारानं घेऊ का?"

'सगळ्या गल्लीनं.' मी तिथेच म्हणायला हवं होतं की गल्लीला झोपेतून उठायचं होतं तेव्हा, गल्लीला काही पत्ता नव्हता, मी एकटी होते. मी म्हटलं, "बरं." बादली घेऊन परत आले. आणि जिना चढताना मला हायसं वाटलं. सुटल्यासारखं. त्या हायसं वाटण्याची मला इतर सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

काकू वाचल्या. छाती कायमची अधू झाली, पण वाचल्या. काकांनी मात्र रांगेची फेरी सोडली. बोलावलं तर म्हणायचे, "आता माझा शब्द कोण ऐकणार? आणि का ऐकावा?" पंधरा दिवसांत पुन्हा मारामारी झाली, शिंप्याच्या डोक्यात त्याचीच वीट बसली, आणि पोलिसांनी विटा ठेवण्यावरच बंदी आणली. मग जो दांडगा त्याचा कोळसा. दांडग्यांत मी होतेच.

लढाई संपली. नवरा परत आला, एका कानानं ऐकू येत नव्हतं तेवढंच. मी त्याच्या ऐकू न येणाऱ्या कानाशी कितीदा तरी हे पुटपुटले आहे. कारखान्यात पुन्हा रंगीत बटणं आली. पण रांगा लगेच संपल्या नाहीत. पावाला रांग, रेशनला रांग, पोस्टात रांग. आणि काकांना एक नवीनच सवय लागली होती. ते कुठल्याही रांगेत टिकायचे नाहीत. मागे कोणी येऊन उभं राहिलं की बाजूला व्हायचे. "तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही." त्याच्या मागचा आला की पुन्हा तेच. पोरं चेष्टा करायची, "काकांच्या मागे उभं राहा, नंबर लवकर लागतो." गल्ली हसायची. मीही त्यांच्या मागे उभी राहिले आहे. "हो ना पुढे," ते म्हणाले आणि मी झाले पुढे. पाव गरम होता.

अशी नऊ-दहा वर्षं गेली असतील. एक दिवस सकाळी काकांच्या छातीत कळ आली. काकू जिन्यावरून हाका मारत होत्या, पण मी कामावर होते. ते स्वतःच्या पायांनी सरकारी दवाखान्यात गेले. तिथे दाराशी पत्र्याचे बिल्ले देतात, बिल्ल्यावर नंबर. तिथल्या कंपाउंडरनं नंतर सगळं सांगितलं. काकांचा नंबर अकरावा होता. एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन आली, काकांनी तिच्याशी बिल्ला बदलला. मग एक म्हातारा आला, त्याच्याशी बदलला. मग हात भाजलेला एक माणूस. कंपाउंडर म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय होतंय?" तर म्हणाले, "विशेष काही नाही, यांचं होऊ दे." दुपारी डॉक्टर उठायच्या वेळी बाकावर ते एकटेच उरले होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, मुठीत सर्वांत शेवटचा बिल्ला. हाक मारली तर उठले नाहीत.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मी काकूंकडे गेले. खोलीत एकच खुर्ची होती, दुसरी त्यांनी कधी आणलीच नाही. काकूंनी मला तिच्यावर बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या तेच मलाही सांगायला लागल्या. कसा माणूस होता, मरताना सुद्धा दुसऱ्याला पुढे केलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तसे ते पहिल्यापासून नव्हते गं. रेल्वेत असताना आपल्या हक्काचं सोडायचे नाहीत. त्या विटेनंतर असे झाले. कधी विषय निघाला तर म्हणायचे, एकदा पुढे घुसलो, सगळ्या गल्लीनं उचलून मागे ठेवलं, आता आयुष्यभर मागेच बरा."

कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाखाली टेकण म्हणून, ती वीट होती. मी ती लगेच ओळखली.

"गल्लीनं नाही, काकू," मी म्हटलं. "मी."

काकूंना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. चौदा पाट्या, पंधरावी वीट, कमरेवरची पाटी, डबा खाताना बोललेलं वाक्य, सासूबाईंच्या नावावर नेलेली बादली. आणि जे मी कोणालाच, नवऱ्याच्या बंद कानालाही सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. "ती वीट धुतलेली होती, काकू. आणि सरळ ठेवलेली होती. आपल्या गल्लीत वीट एवढी सरळ कोण ठेवतं, हे मला ठाऊक होतं. उचलायच्या आधी ठाऊक होतं. मी स्वतःला कळूच दिलं नाही."

मला वाटलं होतं, रडतील, शिव्या घालतील, हाकलून देतील. ह्यातलं काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पदरानं पलंगाची कड पुसली, जिथे काही सांडलेलं नव्हतं.

"त्या दिवशी तुला मिळाला ना कोळसा?" त्यांनी विचारलं.

"मिळाला."

"किती दिवस पुरला?"

मला आठवत होतं. असल्या गोष्टी नेमक्या आठवतात.

"आठ," मी म्हटलं.

"आठ दिवस," काकू म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.